उचलणारा मी, धरणारी घोडी

मी एक जुना जॅक आहे, आणि एका रविवारी सकाळी मी अख्खी गाडी खाली टाकली. पण मित्रांनो, ते तुम्ही मनावर घेऊ नका. तसे काही झालेच नाही. यावर घरातल्या सगळ्यांचे एकमत आहे, आणि मी घरातलाच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. आकार ठेंगण्या बाटलीचा, पोटात तेल आणि पोटावर ठोकून लिहिलेले 'दोन टन'. बाळ जन्मले की लोक त्याला उचलून घेतात. मला पाहून प्रत्येकाने एवढेच विचारले, "हा किती उचलेल?"

पहिली वीस वर्षे मी एका गॅरेजात काढली. तिथला मिस्त्री तोंडाने फाटका, पण कामाला चोख. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यायचा, हँडब्रेक ओढायचा, टेकलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचा आणि मग मला खाली सरकवायचा. गाडी वर गेली की खाली दोन घोड्या ठेवायचा. घोडी म्हणजे लोखंडी स्टँड. तिच्यात ना तेल, ना महत्त्वाकांक्षा. ती नुसती उभी राहते. गाडीचा भार घोड्यांवर उतरवून, गाडीला दोन धक्के मारून बघायचा आणि मगच खाली शिरायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "जॅक उचलतो, घोडी धरते. जॅकच्या भरवशावर खाली जाणं म्हणजे पेंगणाऱ्या वॉचमनच्या भरवशावर दार उघडं टाकणं." मला राग यायचा. पण पेंग येत होती हे खरे होते.

मिस्त्रीने गॅरेज बंद केले तेव्हा मला आणि दोन्ही घोड्यांना एका जुन्या गिऱ्हाइकाला देऊन टाकले. हा गृहस्थ ग्रंथपाल. त्याची बायको परिचारिका, आणि बायकोची आई त्यांच्याकडेच राहणारी. या घरात एक कायदा होता: कोणतीही वस्तू न्या, पण तिच्या जागी चिठ्ठी ठेवा. एकदा मिठाच्या बरणीच्या जागी चिठ्ठी निघाली. त्या दिवशी भाजी अळणी झाली, पण कोणी तक्रार केली नाही. चिठ्ठी होती ना!

मला फळीवर जागा मिळाली. वर्षातून दोनदा काम, बाकी धूळ. माझ्या पोटातले वायसर झिजले आणि तेल पाझरू लागले. ग्रंथपालाने लगेच माझ्याखाली वर्तमानपत्र घातले. आजाऱ्याला औषध न देता चादर बदलावी, तशी ही सेवा.

मग तो रविवार आला. परिचारिका दवाखान्यात कामावर होती. गाडीचा मागचा ब्रेक कुरकुरत होता. ग्रंथपालाने हँडब्रेक ओढला, दगड लावले, माझ्याकडून गाडी उचलून घेतली आणि चाक काढून भिंतीला पुस्तकासारखे उभे लावले. इथपर्यंत मिस्त्रीनेही पाठ थोपटली असती. मग तो घोड्या आणायला गेला. त्यांच्या जागी चिठ्ठी होती: 'दोन्ही घोड्या माझ्या ट्रंकेखाली आहेत. आई.'

"छान," तो म्हणाला, "म्हणजे हरवलेल्या नाहीत." आणि निर्धास्तपणे छातीपर्यंत गाडीखाली शिरला.

मित्रांनो, घोडी जगात कुठेतरी असणे आणि घोडी गाडीखाली असणे यांत थोडा फरक आहे.

मी धरून ठेवले. म्हणजे धरल्यासारखे केले. केसा-केसाने खाली येत होतो. मला ओरडता येत नाही, फार तर 'च्यूंऽऽ' करता येते. ते मी जीव तोडून केले.

"हाच तो आवाज!" ग्रंथपाल खालून आनंदाने म्हणाला आणि आणखी आत सरकला.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. "जावईबापू, बाहेर या जरा."

"आई, दोन मिनिटं."

"दोन मिनिटं म्हणून तुम्ही नळ खोललात. महिना झाला, मी अंघोळीला छत्री घेऊन जाते."

"पण झालंय काय?"

"तुमच्या घोड्या डुगडुगतात. ट्रंक अंगावर पडली म्हणजे?"

"नाही पडत हो. दोन टन पेलतात त्या."

"माझ्या रजया तीन टन आहेत. तुम्ही येताय, की मी ओढू पाय धरून?"

तो पुटपुटत सरपटत बाहेर आला. आधी पोट, मग छाती, मग डोके. तो उठून बसला आणि माझे अवसान संपले. ब्रेकचा ड्रम फरशीवर आदळला. फरशीचे तीन तुकडे झाले. मी आडवा.

ग्रंथपालाने फरशीचे तुकडे मोजले.

"तुम्ही तिथं होतात," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि घोड्या माझ्याकडे."

"चिठ्ठी होती ना."

"चिठ्ठी होती म्हणून शिरलात?"

त्याने मला उचलून उभे केले. सासूबाई पायरीवर बसल्या.

"हिला सांगू नका," तो म्हणाला.

"काय सांगू? काही झालंच नाही."

मग त्या उठल्या आणि दोन खेपा करून दोन्ही घोड्या स्वतः घेऊन आल्या. त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "रजया जमिनीवर निजतील. तुम्ही नको."

संध्याकाळी परिचारिका आली. फुटक्या फरशीवर पायपुसणे होते. तिने ते उचलले, पाहिले, परत ठेवले आणि नवऱ्याच्या बरगड्या एकेक करून चाचपल्या. मग हात धुऊन ताटे वाढायला घेतली.

मी थकलो आहे, मित्रांनो. माझे तेल बघा, वायसर बदला, आणि एवढे करूनही माझ्या भरवशावर खाली जाऊ नका. उचलून घेणाऱ्याला धरूनही ठेवायला लावणे हा अन्याय आहे, आणि त्याची शिक्षा खालच्या माणसाला होते. घोड्या लावा. माझ्याकडून म्हणाल तर मी रीतसर अर्ज दिला आहे:

प्रति,
मा. प्रमुख, गुरुत्वाकर्षण विभाग.

विषय: दर रविवारी सकाळी नऊ ते बारा गुरुत्वाकर्षण बंद ठेवणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, गाडीखालील इसम संपूर्ण बाहेर येऊन उठून बसेपर्यंत आपल्या विभागाचे कामकाज स्थगित ठेवण्यात यावे. तसे लेखी आदेश सर्व गाड्यांना निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.

आपला थकलेला,
जॅक, दोन टन (मूळ क्षमता)