मिठाच्या सात पुड्या

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत जुना रॅक जिन्याखाली होता. रॅक म्हणजे साऱ्या इमारतीच्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात ते लोखंडी कपाट. ते हात धुण्याच्या बेसिनला खेटून उभं होतं. एके दिवशी बेसिनचा पाइप फुटला, कपाट पोटभर पाणी प्यालं आणि दोन दिवस कोणाचा रिपोर्ट कोणाचा ते कळेना. जागा ठरवली होती संचालकबाईंनी, बोलणी खाल्ली तारा जोडणाऱ्या केबलकाकांनी. जगाची रीतच आहे ती.

नवा रॅक आला तेव्हा बाई म्हणाल्या, "या वेळी जागा तुम्हीच शोधा, काका. अगदी शास्त्रशुद्ध. मी मध्ये पडणार नाही."

काकांना हे ऐकून बरं वाटलं, तिथेच ते फसले.

डोक्यावर पाइप नको, ऊन नको, मागेपुढे हात फिरायला जागा हवी, दाराला कुलूप हवं. हे सगळं डोळ्यांनी आणि टेपने कळतं. ओल कळत नाही. ओल मोजायच्या यंत्राचा काकांचा अर्ज तीन वर्षं मंजुरीच्या वाटेवर होता. मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली होती आणि तिचा त्यांना नको तितका अभिमान होता. कागदाच्या पुडीत चमचाभर मीठ बांधून चार दिवस जागेवर ठेवायचं. मिठाला पाणी सुटलं की जागा बाद.

रॅक सगळ्यांना हवा होता, शेजार कोणालाच नको होता. तरी काकांनी गोड बोलून सहा ठिकाणी पुड्या ठेवल्या. सातवी ठेवली स्वतःच्या खोलीत, केवळ न्याय म्हणून.

ही खोली त्यांना चौदा वर्षांच्या नोकरीनंतर, गेल्याच वर्षी मिळाली होती. तोवर त्यांचं टेबल बोळात, पाण्याच्या पाइपाखाली होतं. खोली आठ बाय सहाची, एक खिडकी, एक किल्ली. बायकोने खिडकीला निळा पडदा शिवून दिला होता. पहिल्या दिवशी काकांनी विनाकारण अकरा वेळा दार उघडून बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी सहा पुड्या ओल्याकिच्च निघाल्या. सातवीतलं मीठ बोटांतून रेतीसारखं घसरलं. काकांनी बायकोला फोन लावला.

"काय गं, सगळ्यात कोरडी जागा आपलीच निघाली तर काय करायचं?"

"खरं ते सांगायचं," ती म्हणाली. "पण अहो, आधी पडदा काढून आणा."

काकांनी पडदाही काढला नाही आणि खरंही सांगितलं नाही. पेल्यात बोट बुडवून त्यांनी सातव्या पुडीत चार थेंब सोडले. इतक्या वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती. लाज वाटली. पण खोली त्याहून जास्त हवी होती.

बैठकीत बाईंनी एकेक पुडी उघडली. सातवी उघडून त्या काकांकडे वळल्या.

"काका, वर्षभर तुम्ही एवढ्या ओलीत बसताय? आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तसं काही नाही बाई, मला सवय आहे."

"सवय कसली! खोली तब्येतीपेक्षा मोठी आहे का? उद्यापासून बोळात बसा, मोकळ्या हवेत. तुमचं जुनं टेबल आहे तिथे अजून." मग त्यांनी सातही पुड्यांवरून नजर फिरवली. "आणि ओल सगळीकडेच आहे, तर रॅक कुठेही ठेवला तरी सारखंच. तुमची खोली रिकामी होतेच आहे, तिला कुलूपही आहे. तिथेच ठेवू. ओलीसाठी एसी बसवू."

एसीला तिथल्या तिथे मंजुरी मिळाली. 'मीठ मी भिजवलं' हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खरं बोलूनही खोली जाणारच होती, वर नावही गेलं असतं. त्यांनी सातही पुड्या गोळा केल्या.

रॅक मात्र काकांनी मन लावून बसवला. जमिनीपासून वीतभर उंच, मागे हात फिरेल इतकी जागा सोडून, एकेका तारेला चिठ्ठी लावून. पडदा घडी करून घरी नेला. बायकोने तो कपाटात ठेवून दिला.

बोळात बसल्यावर सवयीने त्यांनी टेबलावर आठवी पुडी ठेवली. चौथ्या दिवशी तिला आपोआप पाणी सुटलं होतं. वरचा पाइप पाझरत होता. पुडी तळहातावर धरून ते बाईंकडे गेले.

बाई मायेने हसल्या. "काका, सोडा आता हे मिठाचं खूळ. तुमच्या खोलीतलं मीठ तर पार भिजलेलं होतं आणि बघा, रॅकला काही झालंय का?"

काकांनी पुडी पुन्हा बांधली, खिशात घातली आणि ते बोळात जाऊन बसले.