गदम्सा मोजणारी दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जन्मले दूरच्या कारखान्यात, पण आयुष्य गेलं ते इथिओपियातल्या बालेच्या डोंगरांत.

एका परदेशी शिकाऱ्याने परत जाताना मला गावाच्या रानराख्यांना देऊन टाकलं. तेव्हा काय कौतुक माझं! प्रत्येकाने डोळ्याला लावून पाहिलं, काहींनी तर उलटं धरून. पुढे कौतुक ओसरलं. पट्टा तुटला, काचा सदऱ्याच्या बाहीने खसाखसा पुसल्या जाऊ लागल्या. शेवटी रानराखीण फातोने दोरी बांधून मला आपल्या गळ्यात घातलं.

आमचं काम गदम्सा मोजायचं. पिळदार शिंगांचं हे मोठं हरण आता आमच्याच डोंगरांत उरलं आहे. तरी त्याच्या शिकारीला परवानगी आहे, पण फक्त म्हाताऱ्या नरांच्या. असे नर जितके दिसतील त्या मानाने परदेशी शिकाऱ्यांना परवाने विकले जातात आणि त्या पैशांतला वाटा गावाला येतो. त्या वाट्यामुळेच गाव रानावर कुऱ्हाड चालवत नाही. यंदा त्यातून पिठाची गिरणी यायची होती.

मोजणीच्या दिवशी हाकाऱ्यांनी ओरडून सकाळी एका खोऱ्यातली जनावरं उठवली, दुपारी पलीकडच्या. सकाळी फातोने पाहिलं, दुपारी तिचा दीर अमान याने.

"आणखी एक म्हातारा," अमान खुशीत म्हणाला. "वहिनी, गिरणी आलीच समजा."

फातोने मला डोळ्याला लावलं. डावं शिंग तुटलेलं, कानाला खाच. 

"भावोजी, हा सकाळचाच. हाक्याला भिऊन डोंगराची धार ओलांडून आलाय."

"तुटक्या शिंगाचे दोन नसतात होय?"

"असतील. पण कानाची खाचही तीच? नसलेल्या नराचा परवाना काढाल, तर गोळी असलेल्यालाच लागेल."

"आणि जव दळायला तुझी जाऊ अख्खा डोंगर उतरते, ते?"

"मी काय घरी बसते का?"

 अमानने मला मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं.

"तोच आहे मेला," तो म्हणाला. "एकदाच धर."

एक परवाना कमी मिळाला आणि गिरणी आली नाही. पाणवठ्यावर बायका फातोला पाहून तोंड फिरवतात. "तिने एकटीने नाही, मीही पाहिलंय," असं अमान सगळ्यांना सांगतो, म्हणून त्यालाही बोलणी बसतात. फार वाईट वाटतं मला.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, दवात टाकू नका. आणि काय दिसायला हवं ते आधीच ठरवून मला डोळ्याला लावू नका. परवा जवाचं पोतं गाढवावर लादून अमानबरोबर उतरताना फातोला तुटक्या शिंगाचा तो नर झुडपात चरताना दिसला. तिने मला अमानच्या हातात दिलं, आणि दोघं आळीपाळीने त्याला बघत राहिली.