जायफळीचा नर

तीस वर्षं बोटीच्या इंजिनात काढून महिपतराव कायमचे घरी आले आणि आपल्यावाचून घरात काही म्हणता काही अडत नाही, हे त्यांना आठ दिवसांत कळून चुकलं. रत्नागिरीजवळच्या त्या आगरात नारळी-पोफळींखाली सात जायफळी होत्या. बायकोनं, चिमानं, बी रुजवून वाढवलेल्या. सहांना फळं धरायची, सातवं नुसतंच फुलायचं. महिपतरावांनी त्याचं नाव ऐतखाऊ ठेवलं.

चिमा लेकीच्या बाळंतपणाला मंडणगडला गेली आणि यांना हुक्की आली. ती परतेल तेव्हा आगर कसं लख्ख दिसायला हवं! गडी लावून त्यांनी ऐतखाऊ मुळासकट काढला आणि त्या जागी तिला टेकायला चिऱ्याचा बाक बांधून घेतला.

दीड महिन्यानं चिमा आली. नातीचं कौतुक सांगत आगरात शिरली आणि बाकापाशी थबकली.

"इथलं झाड कुणी तोडलंन?"

"मीच. इतक्या वर्षांत एक फळ नाही त्याला."

"नर होता तो. त्याला फळ कशाला येईल? त्याच्या फुलांवर या सहाजणी धरत होत्या. अख्ख्या गावात तेवढाच नर, अहो."

ती रागावली असती तर परवडलं असतं. ती रागावली नाही आणि बाकावर बसलीही नाही. नवं बी लावलं तर नर की मादी हे कळायलाच सात वर्षं जातात. महिपतरावांना पासष्टावं लागलं होतं. रोज सकाळी झाडांखाली न धरलेल्या फुलांचा सडा पडे आणि तो ओलांडताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग कुणीतरी सांगितलं, नराची फुलं आणून हातानंही लावता येतात. महिपतरावांनी गुहागर गाठलं, ओळखीच्या आगरातून फुललेली फांदी मागून घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून आणली. दुसऱ्या दिवशी उजाडताच शिडीवर चढून, काडीला कापूस लावून, ते एकेक फूल शिवत सुटले.

दुपारी चिमा शिडीखाली आली. गुहागरहून आणलेल्या फांदीवरचं एक फूल तिनं नखानं उभं चिरलं. आत इवलंसं हिरवं बोंड होतं. तिनं आणखी दोन चिरून पाहिली.

"ही मादीची फांदी आहे."

"झाडावर एकही फळ नव्हतं. मी नीट बघून घेतली."

"काढून झाली असतील त्यांची फळं."

"उद्या परत जातो."

"बहर सरत आला, अहो. आता काही होत नाही. उतरा, भात निवतोय."

महिपतरावांनी खाली पाहिलं नाही. कापूस पुढच्या फुलाला लावला.

"तू जेवून घे," ते म्हणाले, "मी एवढी डहाळी पुरी करतो."

चिमा गेली नाही. तिनं शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.