उष्टा शब्द

आयका! यातला शब्द न् शब्द खरा हाये. खोटा निंगाला त माह्या साऱ्या कोंबड्या मुंगूस नेवो!

कुरखेड्याकडच्या एका गावात, सकाळी सकाळी तलावातल्या मासोळ्या पांढरं पोट वर करून तरंगल्या. म्हशीच्या पारड्याएवढी एकेक! चंदाबाईचा नवरा याच तलावात बुडून मेला, तरी ती याच तलावात जाळं टाकून जगे. ती तलावाच्या बांधावर, पाळीवर, सगळ्यांसमोर बोलली, "काल सांजच्याले गुणवंतरावनं धानावरच्या फवारणीचा पंप इथी धुतला. मी पाह्यलं."

गुणवंतराव म्हणजे मच्छी सोसायटीचा अध्यक्ष. तो हासला. "माह्यावर आळ घेतं काय बाई? चाल, पान्यात उतरू. जो 'मानतो' म्हणन नाई, त्याचं जाळं बंद!"

गावची रीतच तशी. गुडघाभर पान्यात उभं राहाचं, ओलं जाळं डोक्यावर घ्याचं, अन् म्हणाचं, "तलावमाय, मी तुले मानतो." खोट्याच्या तोंडून तो शब्द निंगतच नाई म्हणे.

चंदाबाईनं तो दोनदा म्हटला होता. नवी नवरी आली तवा, लाजत. अन् नवऱ्याले पान्यातून काढलं तवा, दात-ओठ खात. पन म्हटला होता.

गुणवंतराव उतरला. "मानतो! मानतो! मानतो!" बँडबाजासारखा वाजला. पानी हाललं नाई. साधी सर्दीबी झाली नाई त्याले.

"आता तू, बाई."

जाळ्यातलं पानी चंदाबाईच्या डोळ्यात उतरून राह्यलं. तिनं तोंड उघडलं, अन् मिटलं.

"काऊन, जीभ अडकली काय?"

"नाई. तुनं उष्टा केला तो शब्द. मी कोनाचं उष्टं खात नाई."

"पाहा! हे मायले मानत नाई! मंग जहर कोनं टाकलं, समजलं ना?"

तवा तिचा दीर दादाजी उठला. टोपी काढून म्हणाला, "माही वहिनी चाळीस वर्सं मानून राह्यली. तिले म्हणून दाखवाची गरज नाई."

पन सोसायटीनं आयकलं नाई. चंदाबाईचं जाळं बंद झालं. आता ती दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवना रोवाले जाते. पाळीवरून जाताना तलावाकडे मान वळवत नाई. गुणवंतराव मातर दर पोळ्याले तलावमायले नारळ फोडते.

मासोळ्या पारड्याएवढ्या होत्या, ते खरंच. एकच गोष्ट मी पदरची घातली. दादाजी उठला नोता. कोनीच नोतं उठलं.

मीबी तिथीच बसली होती.