हीनाच्या कुलपाची दुसरी किल्ली

मित्रांनो, जवळ या, पण फार जवळ नको. मी एक जुनं कुलूप आहे, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाचा मला आधी संशयच येतो. कोण हा, कशाला आला, याच्या हातात काय आहे, असे तीन प्रश्न विचारल्याशिवाय माझं मन स्वस्थ बसत नाही. त्याला माझा इलाज नाही. संशय घेणं हेच माझं काम, आणि सहा वर्षं मी ते इमानानं केलं. फक्त एकदा चुकलो. ती चूकच तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीच्या गेटासमोर, टपरीवर टांगलेला होतो. एका पुठ्ठ्यावर आम्ही बारा भावंडं. सगळी पितळी रंगाची, सगळी एकसारखी, प्रत्येकाच्या कमरेला दोन किल्ल्या बांधलेल्या. आतल्या कंपनीत मोबाईल न्यायला बंदी, म्हणून तो लॉकरमध्ये ठेवायचा, आणि लॉकरला कुलूप मात्र ज्याचं त्यानं आणायचं. त्यामुळे टपरीवाल्याचा धंदा जोरात. एका सकाळी एक पोरगी घाईघाईनं आली. अंगावर नवा करकरीत ड्रेस, पायात बोचणारे नवे बूट. तिनं बाराही कुलपं हातानं ओढून बघितली आणि मला उचललं. ती हीना.

हीना उदगीरकडची. आयटीआय झालेली, इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केलेला, आणि त्या सर्टिफिकेटावर घरच्या सगळ्यांची आशा. पहिल्या कंपनीत तिला गाड्यांच्या वायरी जोडायचं काम मिळालं. लाल वायर लाल खाचेत, पिवळी पिवळ्यात, आठ तास उभं राहून. आयटीआय न झालेली मुलगीही ते काम दोन दिवसांत शिकली असती. तरी हीना खूश होती. येईल त्याच्याशी बोलायची, डबा वाटून खायची, आणि मला तर लावायचंच विसरायची. मला तिचा फार राग यायचा, कारण एवढं भोळं असणं मला परवडत नाही.

सात महिने झाले. एका सकाळी तिनं गेटावर कार्ड लावलं, तर मशीनचा लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. वॉचमन म्हणाला, ताई, तुमचा ब्रेक झालाय. ठेक्यावरच्या पोरांना असा ब्रेक देतात, म्हणजे ती कायम व्हायला नकोत. आदल्या दिवशी सुपरवायझर तिच्याबरोबर चहा प्यायला होता, हसला होता, पण एका शब्दानं बोलला नव्हता. वॉचमननं तिच्याकडून किल्ली घेतली, लॉकर रिकामा केला आणि मला तिच्या पिशवीत टाकलं. त्या दिवशी बसस्टॉपवर तिनं मला मुठीत इतकं घट्ट धरलं होतं, की माझं लोखंड गरम झालं. त्यानंतर ती कुठंही गेली तरी मला लावल्यावर तीन वेळा ओढून बघायची. एक, दोन, तीन. मला ते आवडलं. म्हटलं, चला, पोरगी शहाणी झाली.

मग आम्ही किती ठिकाणी फिरलो म्हणून सांगू. मोशीच्या पलीकडं ऑनलाइन मालाचं गोदाम होतं. तिथं रोज बाहेर पडताना केसांतला चाप काढून दाखवावा लागायचा. पिंपरी कॅम्पात साड्यांचं दुकान होतं. तिथं दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, आणि मालक घरी बसून कॅमेऱ्यात बघायचा. मग प्लास्टिकच्या बाटल्यांची कंपनी, मग बिस्किटांचं पॅकिंग. सगळीकडं काम वेगळं आणि कंटाळा तोच. कमीत कमी जेवढं द्यावं लागतं तेवढंच मिळायचं, आणि सात महिने झाले की लाल दिवा. सगळीकडं तिची झडती व्हायची. रोज कुणीतरी आपल्याकडं चोर म्हणून बघत असेल, तर माणूस तरी दुसरं काय शिकणार? हीनाही सगळ्यांकडं तशीच बघायला लागली.

या सगळ्यात एक मुलगी मात्र तिला सोडत नव्हती. वर्षाली. भोकरदनची, तीही आयटीआय झालेली, पहिल्या कंपनीत तिच्या शेजारच्या टेबलावरची. दोघी म्हाळुंग्याला एका खोलीत राहायच्या. बाटल्यांच्या कंपनीत असताना हीनाला डेंग्यू झाला, तेव्हा वर्षालीनं सहा दिवस कामावर खाडा करून तिला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात सांभाळलं. घरी आल्यावर हीनानं तांदळाच्या डब्यात लपवलेली माझी दुसरी किल्ली काढली आणि वर्षालीच्या हातावर ठेवली. म्हणाली, राहू दे तुझ्याकडं, पुन्हा आजारी पडले तर. दोघी हसल्या. माझा मात्र जीव खालीवर झाला. तुम्हीच सांगा, दुसरी किल्ली दुसऱ्याकडं गेली की कुलपाला काय अर्थ उरला? त्या दिवसापासून मी वर्षालीवर नजर ठेवली.

पुढं दोघींना गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. अर्थात ठेक्यावरच. आमच्या शेजारचा लॉकर सुभद्राबाईंचा होता. त्या जवळच्याच गावच्या, साफसफाईला होत्या, पहाटे पाचला यायच्या आणि दुपारी एकला जायच्या. त्यांच्या लॉकरवर बघतो तर माझाच भाऊ. तोच रंग, तेच तोंड. त्याच टपरीवरनं आलेला. मी त्याला विशेष ओळख दिली नाही. मला वाटायचं, मी मी आहे आणि तो तो आहे.

मार्चमध्ये दोघींना एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं. ठेकेदाराकडून नव्हे, थेट कंपनीकडून. निवड झाली की कंपनीच्या स्वतःच्या यादीत नाव, न्यायला-आणायला बस, आणि तो लाल दिवा कायमचा मागं पडणार. अट एकच. ठरल्या दिवशी आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट दाखवायचं. झेरॉक्स चालणार नाही. वर्षालीला दुपारी एकची वेळ मिळाली, हीनाला साडेचारची. वर्षालीनं अर्धी सुट्टी टाकली. हीनाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिनं सकाळी निळ्या फाईलमध्ये सर्टिफिकेट घालून ती लॉकरमध्ये सगळ्यात वर ठेवली. तसल्या निळ्या फायली ठेकेदारानं सगळ्याच बायकांना वाटल्या होत्या. तिनं मला लावलं आणि तीनदा ओढून बघितलं. त्या दिवशी तर चार वेळा ओढलं.

बाराला वर्षाली लॉकररूममध्ये आली. आपली पिशवी घेतली, आरशात बघून केस सारखे केले आणि गेली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. मी श्वास रोखून बसलो होतो, तो सोडला. आणि एकच्या सुमाराला सुभद्राबाई आल्या. त्यांच्या चष्म्याची काडी आदल्या दिवशी मोडली होती. त्यांनाही आपले कागद घरी न्यायचे होते, मुलाकडून पीएफचा फॉर्म भरून घ्यायला. चाचपडत त्या माझ्यासमोर थांबल्या आणि त्यांनी स्वतःच्या कुलपाची किल्ली माझ्यात घातली.

मित्रांनो, मला वाटलं, आता ही किल्ली अडणार. अडायलाच पाहिजे होती. पण ती माझ्या आत अशी फिरली, जशी घरचीच आहे. मी उघडलो. एका पुठ्ठ्यावरची स्वस्तातली भावंडं आम्ही, आमची पोटं आतून सारखीच होती, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. सुभद्राबाईंनी वरची निळी फाईल ओढली, मला पुन्हा लावलं आणि त्या घरी गेल्या. बिचाऱ्यांच्या मनातही काही नव्हतं.

साडेतीनला हीना धावत आली. तिनं मला बघितलं. मी जागच्या जागी, कुठं ओरखडा नाही. तिनं मला काढलं, दार उघडलं, आणि फाईल नव्हती. मोबाईल होता, डबा होता, नवी ओढणी होती. फाईल तेवढी नव्हती. हीना खाली बसली. चोर असता तर मोबाईल नेला असता. ज्याला फक्त फाईल हवी होती, त्यानंच ती नेली. कुलूप शाबूत, किल्ल्या दोन, एक हिच्या गळ्यात. मग दुसरी कुणाकडं? आणि बाराला लॉकररूममध्ये कोण आलं होतं? मोबाईलवर वर्षालीचे पाच फोन येऊन गेलेले. ते बघून तर हीनाचं डोकंच फिरलं. तिला वाटलं, मी निघाले की नाही हे बघायला फोन करतेय. एका माणसाची स्पर्धा कमी झाली ना.

मी ओरडत होतो. अगं, ती नव्हे, ती नव्हे. पण कुलपाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? खरं सांगायचं, तर असा हिशेब करायला मीच तिला शिकवलं होतं. रोज, तीन वेळा.

हीना सुपरवायझरकडं गेली आणि वर्षालीनं आपली फाईल चोरली असं तिनं लिहून दिलं. खाली सही केली. सुपरवायझरनं लगेच ठेकेदाराला फोन लावला आणि वर्षालीचं कार्ड बंद झालं. चौकशी करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला वर्षाली खोलीवर आली. हातात पेढ्यांचा पुडा होता. हीना दारातच उभी होती, आणि मी तिच्या मुठीत. हीनानं सगळं एका दमात सांगितलं. चोरी, तक्रार, सही. वर्षालीनं शांतपणे पेढे खिडकीत ठेवले.

"मोठ्या कंपनीतल्या मॅडम तीनलाच उठणार होत्या," ती म्हणाली. "तू पोचली नसतीस. म्हणून मी त्यांच्या हातापाया पडून तुझ्यासाठी उद्या सकाळी दहाची वेळ घेतली. तेच सांगायला फोन करत होते."

"खोटं बोलतेस," हीना म्हणाली.

वर्षालीनं पर्समधली किल्ली काढली, पेढ्यांशेजारी ठेवली, दोन ड्रेस पिशवीत भरले आणि सांगवीला मावशीकडं निघून गेली. हीना जिन्यातल्या पावलांकडं कान लावून उभी राहिली. तिला थांबवावंसं वाटत होतं, हे तिच्या मुठीवरनं मला कळत होतं. पण तिनं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुभद्राबाई झाडू बाजूला ठेवून गेटाबाहेर येऊन उभ्या. हातात निळी फाईल.

"पोरी, लेकानं उघडली तवा कळलं, ह्यो कागद तुजा हाय," त्या म्हणाल्या. "पर माज्या हाती कसा आला, ते काय मला उमजंना बघ."

हीनालाही उमजेना. दोघी लॉकररूममध्ये आल्या. सुभद्राबाईंनी आपली किल्ली काढली, हीनानं मला पुढं धरलं. किल्ली आत गेली, फिरली, आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत उघडलो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही. हीनाचा चेहरा पांढराफटक पडला. सुभद्राबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, पण त्यांना तरी कुठं माहीत होतं काय झालंय ते.

हीनानं मला फाईलसकट पर्समध्ये टाकलं आणि ती मोठ्या कंपनीत पोचली. दहाला तिथल्या मॅडमनी वही उघडली. तिच्या नावापुढं सकाळी दहाची वेळ लिहिलेली होती, वर्षालीनं सांगितली होती तशीच. कागद बरोबर निघाले, निवड झाली. मग हीनानं विचारलं, काल एक वर्षाली आली होती, तिचं काय? मॅडम म्हणाल्या, तिला घेतलं होतं, पण आम्ही जुन्या ठिकाणी विचारपूस करतो. सकाळी फोन केला तर तिच्यावर चोरीची तक्रार आहे म्हणाले. म्हणून नाव काढलं.

हीना म्हणाली, "मॅडम, ती तक्रार मीच केली. ती चोर नाही. चूक माझी आहे."

मॅडम म्हणाल्या, जिथं तक्रार झाली तिथून लेखी आणा, आज संध्याकाळपर्यंत. हीना परत धावली. सुपरवायझर म्हणाला, कागद ठेकेदाराकडं गेला. ठेकेदाराच्या ऑफिसात म्हणाले, साहेब बाहेर आहेत. साहेबांनी फोन उचलला नाही. तक्रार पोचायला पाच मिनिटं लागली होती, ती मागं घ्यायला दिवस पुरला नाही. संध्याकाळी यादी बंद झाली.

हीनानं ती नोकरी धरली. कुणी म्हणेल, सोडायला हवी होती. मी तिला नावं ठेवणार नाही. उदगीरला घर आहे, पोटाला लागतंच, आणि परक्या किल्लीनं उघडलो तर मी होतो.

आता नव्या कंपनीत लॉकरला नंबरची कुलपं आहेत. त्यामुळे मी खोलीच्या दाराला असतो. वर्षाली सांगवीला एका मेडिकलच्या दुकानात उभी राहून काम करते. गुरुवारी आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी. दर गुरुवारी हीना मला लावते, एकदाही ओढून बघत नाही, आणि दोन्ही किल्ल्या घेऊन सांगवीला जाते. वर्षाली तिला चहा पाजते, आईची तब्येत विचारते, आणि किल्ली पुढं केली की ती हलकेच परत सरकवते. मग खोलीवर आल्यावर हीना माझ्याशी बोलत बसते. नाहीतर हे सगळं मला कसं कळलं असतं?

मित्रांनो, मला गंज चढतोय, अधूनमधून दोन थेंब तेल घाला, एवढंच स्वतःसाठी मागतो. दुसरं मागणं तुमच्यासाठी आहे. तुमची वस्तू हरवली आणि कुलूप शाबूत असलं, तर जवळच्या माणसाचं नाव घेण्याआधी शेजाऱ्याची किल्ली एकदा लावून बघा. त्याला फार वेळ लागत नाही.

आज गुरुवार आहे. जिना वाजतोय, हीना येतेय. दोन किल्ल्या असल्या की त्या एकमेकींवर आपटून वाजतात. एकटी किल्ली वाजत नाही. सगळं आयुष्य मी त्या दुसऱ्या किल्लीवर जळलो, ती परत यावी म्हणून तळमळलो. आणि आता दर गुरुवारी मी कान लावून बसतो, की आज तरी काही वाजू नये.