जास्तीचा फोटो

कटरवर फोटोंच्या पांढऱ्या कडा कापून झाल्यावर चिंतामणीरावांनी गठ्ठा पुन्हा मोजला. तेरा. अवंतिकाने तर बारा लिहिले होते.

दूर कर्नाटकच्या किनाऱ्यावर, मुल्कीला, फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत येणाऱ्यांचे फोटो काढणे हे त्यांच्या लेकीचे काम. पाणी न शिरणाऱ्या पेटीत कॅमेरा घालून ती स्वतः समुद्रात उतरायची. इकडे नर्मदेकाठच्या शहरात, दीक्षितपुऱ्यात, हे कुणाला समजावत बसायचे? ‘बापासारखीच फोटोग्राफर आहे’ एवढे सांगून तिची आई शैलजाबाई विषय बदलत. तिथल्या सर्फिंग शाळेच्या कॅलेंडरचे बारा फोटो छापखान्यात जाण्याआधी बाबांनी कागदावर बघायचे, हा नियम मात्र अवंतिकाने स्वतःच घातला होता.

दोन वर्षे ती घरी आली नव्हती. फोटोत तिचे नखही दिसत नसे, तरी चिंतामणीराव त्यात तिलाच शोधत. कॅमेरा पाण्यापासून किती वर आहे यावरून पाणी तिच्या छातीपर्यंत होते की गळ्यापर्यंत, याचा अंदाज बांधत. गळ्यापर्यंत वाटले की त्यांना जेवण गोड लागत नसे.

शैलजाबाई चहा घेऊन स्टुडिओत आल्या.

“बोलली का ती? रविवारी येऊन राहिली ना? नागपूरचे लोक येणार आहेत.”

“विचारतो.”

“विचारता काय, सांगा तिला. मुलगा रेल्वेत आहे, घर चांगलं आहे. काहून नाही म्हणते, तेही सांगत नाही पोरगी.”

त्या गेल्या. चिंतामणीरावांनी तेरावा फोटो दिव्याखाली धरला.

लाट केव्हाच फुटून गेली होती. फळी उलटी तरंगत होती आणि तिच्याशेजारी एक सावळा तरुण, केस डोळ्यांवर आलेले, नाकातोंडातले पाणी काढत हसत होता. क्षितिजही तिरके. अवंतिका असला फोटो ठेवणारी नव्हती. भेडाघाटला पोरे कड्यावरून नर्मदेत उड्या घेत, तेव्हा दहा वर्षांच्या अवंतिकाच्या हातात कॅमेरा देऊन त्यांनीच शिकवले होते, ‘उडी संपल्यावर बटण दाबायचं नाही. मग नुसता भिजलेला माणूस उरतो.’

त्यांनी भिंग घेतले. स्थळांसाठी द्यायचे मुलींचे फोटो काढण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. कॅमेऱ्याकडे बघणारे डोळे कसे असतात हे त्यांना पाठ होते. हे डोळे तसे नव्हते. कॅमेरा जिच्या हातात होता, तिच्याकडे ते बघत होते.

मग त्यांनी उरलेले बारा पुन्हा काढले. मार्चच्या फोटोत तोच होता, लाटेच्या टोकावर, बोटभर उंचीचा. जूनमध्येही तोच. ऑगस्टमध्ये पाठमोरा. पोर एवढे दिवस सांगत होती आणि आपण पाण्याची खोली मोजत बसलो, हे त्यांना आत्ता कळले. त्यांनी फोन लावला.

“हां बाबा, मिळाले फोटो?”

“मिळाले. तेरा आहेत.”



“तो चुकून आला असेल,” अवंतिका म्हणाली. “फाडून टाका.”

“क्षितिज तिरकं आहे.”

“माहीत आहे.”

“हात हलला तुझा?”

“हो, बाबा.”

चिंतामणीरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचा आवाज ऐकून त्यांना वाटले, आत्ताच्या आत्ता स्टेशनवर जावे आणि मिळेल त्या गाडीत बसावे.

“नागपूरच्यांना मी नाही कळवतो,” ते म्हणाले. “तू ये मात्र. आणि त्याला सांगून ठेव, नर्मदेचं पाणी गोडं आहे. समुद्रासारखं उचलून धरत नाही. ग्वारीघाटला एकदम खोल जायचं नाही.”

अवंतिका काहीतरी बोलली, पण तिच्या रडण्यात ते नीट कळले नाही.

स्टुडिओच्या दाराशी रस्त्याकडे तोंड केलेले शोकेस होते. फोटो काढलेल्या मुलीचे लग्न ठरून तिच्या घरून पेढे आले की मगच तिचा फोटो तिथे लागे. त्याआधी कुणी कितीही गळ घातली तरी चिंतामणीराव ऐकत नसत. मधली चौकट मात्र वर्षानुवर्षे रिकामी होती. ती कुणासाठी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते.

शैलजाबाई कपबशी न्यायला आल्या तेव्हा ते त्या चौकटीची काच पुसत होते. आत तो तिरका फोटो होता.

“हा कोण? अवंतिकाच्या जागेवर?”

चिंतामणीरावांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि पायांत चपला सरकवल्या.

“अर्धा किलो पेढे घेऊन येतो.”

शैलजाबाई रिकामी कपबशी हातात धरून काचेसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

“केस तरी पुसायला सांगायचं होतं तिनं,” त्या म्हणाल्या. “सर्दी होईल ना त्याला.”