बाईंचं कपाट

विद्यापीठात परदेशी पाहुण्यांची कचेरी होती, आणि त्या कचेरीत बाईंचं कपाट होतं. देशोदेशींचे संशोधक तिथे वर्षभरासाठी यायचे. त्यांना आदान-प्रदानाचा व्हिसा मिळायचा, अतिथिगृहात खोली मिळायची, आणि वर्ष सरलं की ते चंबूगबाळं आवरून परत जायचे. विमानात न मावणारं सगळं, म्हणजे किटली, रजई, टेबलावरचा दिवा, छत्री, बाईंच्या हवाली व्हायचं. पुढचा पाहुणा पातळ सदऱ्यात काकडत दारात उभा राहिला की बाई कपाट उघडायच्या. हे कुठल्याही नियमात बसत नव्हतं. पण विद्यापीठाला त्यात दमडीही घालावी लागत नाही म्हटल्यावर साहेबांनी कधी त्यात नाक खुपसलं नाही.

पाहुण्यांची नावं घेताना सगळ्या कचेरीची जीभ अडखळायची, म्हणून ज्याला-त्याला त्याच्या विषयाचं नाव पडायचं. पाखरांच्या आवाजावर काम करणारी ती पक्षीवाली. पुलांना तडे का जातात ते शोधणारा तो पूलवाला. खारवट जमिनीत काय पिकेल ते बघणारा बुटका, गोल चेहऱ्याचा तो मीठवाला. पाहुण्यांना हे ठाऊक होतं. मीठवाला तर फोनवर स्वतःच सांगायचा, "मी मीठवाला बोलतोय, नळाला पाणी नाही."

बाईंना आणखी एका गोष्टीसाठी मान होता. वर्षाच्या मधेच कुणी मायदेशी गेला, तर परत येण्यासाठी तिथल्या दूतावासातून नवा शिक्का घ्यावा लागे. कधी तो चार दिवसांत मिळे, कधी 'जादा तपासणी' म्हणून प्रकरण बाजूला पडे. बाजूला पडलं की सगळे बाईंकडे बघायचे. बाई चष्मा कपाळावर सरकवून घडीभर विचार करायच्या आणि म्हणायच्या, "येणार नाही." मग तो यायचा नाहीच. साहेब गमतीने म्हणायचे, "दूतावासाच्या आधी आमच्या बाईंचा निकाल लागतो."

बाईंचे यजमान गेले ते थंडी सुरू व्हायच्या जरा आधी. सकाळी न्हाणीघराचा गळका नळ खोलून बसले होते, आणि बसल्या जागीच आटोपले. पाना हातात तसाच होता. आठवडा उलटायच्या आत बाईंनी त्यांच्या कपड्यांचं कपाट रिकामं केलं. सदरे दिले, बूट दिले, आणि जाड तपकिरी कोट कचेरीच्या कपाटात आणून टांगला. थंडीत नव्या पाहुण्यांना घ्यायला दोघं विमानतळावर जात, तेव्हा यजमान हाच कोट घालून नावाची पाटी धरून उभे राहायचे. पाटी हमखास उलटी धरलेली असायची, आणि ती सुलटी करताना बाई हमखास चिडायच्या.

लेक आली, तिने घरचं कपाट उघडलं आणि ती बघतच राहिली.

"आई, अगं थोडं थांबायचंस तरी. बाबांचा वास राहिला असता."

"वस्तू पडून राहिली की कसर लागते," बाई म्हणाल्या.

लेक रडली. बाईंना रडू आलं नाही, आणि आलं नाही याचंही त्यांना काही वाटलं नाही. वेळ झाली की जेवायचं, वेळ झाली की निजायचं. आतून सगळं बधिर झालं होतं, दात काढायच्या आधी गाल होतो तसं. नळाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराचा अधूनमधून फोन यायचा, की काकांनी मागवलेला वॉशर आलाय, घेऊन जा म्हणावं. बाई सांगायच्या, "हे घरी नाहीत. आले की सांगते." फोन ठेवून त्या गळत्या नळाखालची बादली रिकामी करायच्या. लेकीने एकदा हे ऐकलं, तेव्हापासून तिचे फोन कमी झाले.

त्याच थंडीत पक्षीवालीच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. ती पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली आणि जादा तपासणीत अडकली. तिचं अर्ध्या वर्षाचं काम इथल्या रानात रेकॉर्ड केलेलं पडलं होतं. ते पुरं झालं नाही, तर तिकडची नोकरीही टिकणार नव्हती.

"बाई, माझी खोली तशीच ठेवा हं," तिने फोनवर सांगितलं. "मी येतेच आहे."

"हो गं, काळजी करू नकोस," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, "येणार नाही."

"मग तिचं प्रकरण बंद करून टाका," साहेब म्हणाले. "उगाच आपल्या डोक्याला ताप."

विद्यापीठाने प्रकरण बंद केलं की दूतावासातली तिची वाटही बंद. वर पुढची दोन वर्षं नवा अर्ज करायचीही सोय नाही. हे बाईंइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्या "करते" म्हणाल्या. आणि केलं नाही. दया आली म्हणून नव्हे. रोज सकाळी ते काम समोर यायचं, रोज त्या ते उद्यावर टाकायच्या. त्या दिवसांत घरची बादली रिकामी करण्यापलीकडे कुठलंच काम त्यांच्या हातून धड होत नव्हतं.

खोलीचं मात्र राहून गेलं नाही. दोन महिन्यांसाठी एक इतिहासवाली येणार होती आणि अतिथिगृहवाले खोलीसाठी मागे लागले होते. बाईंनी जाऊन पक्षीवालीचं सामान गोळा केलं, कपाटात आणलं आणि हात आपोआप नेहमीच्या वळणाने चालले. किटली पूलवाल्याला दिली. रजई आणि दिवा मीठवाल्याला दिला. यजमानांचा तपकिरी कोट त्याने थंडीच्या सुरुवातीलाच नेला होता. पक्षीवालीचा राखाडी कोट इतिहासवालीला अगदी मापात बसला. कपाटात जातं ते सोडून गेलेल्यांचं, आणि सोडून गेलेला परत येत नाही, अशी ती रीत. पक्षीवालीने काहीच सोडलेलं नव्हतं, हे बाईंच्या मनालाही शिवलं नाही.

थंडी ओसरत नव्हती, इतिहासवाली आपलं काम उरकून मायदेशी गेली, आणि तेवढ्यात एका दुपारी फोन आला.

"बाई, शिक्का मिळाला. परवा पोचते."

बाईंचं लक्ष कपाटाकडे गेलं.

"माझा कोट तिथेच आहे ना? इथे नुसतं उकडतंय, मी गरम काहीच घेत नाहीये."

"आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांनी खुर्चीतून उठून त्यांचं कौतुक केलं. "प्रकरण बंद केलं नाहीत ते फार बरं झालं. मी सांगूनही तुम्ही थांबलात, याला म्हणतात दूरदृष्टी."

"दूरदृष्टी कसली," बाई म्हणाल्या. "राहून गेलं."

आजवर हजार वस्तू दिल्या होत्या, पण दिलेली परत मागायची वेळ कधी आली नव्हती. बाई संध्याकाळी पूलवाल्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्याने हातातला कप तसाच ठेवून किटली आणून दिली, आतलं गरम पाणी ओतायलाही विसरला. "काही चुकलं का माझं?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "चुकलं माझं." एवढं बोलून त्या वळल्या. किटली पोळत होती, पण ती दुसऱ्या हातात घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. इतिहासवालीला त्यांनी फोन लावून पाहिला. ती आनंदाने म्हणाली की कोट आता तिची बहीण वापरते. तो विषय तिथेच मिटला.

मीठवाल्याचंही वर्ष संपत आलं होतं. खोलीत उघडी बॅग, पलंगभर कपडे. रजई आणि दिवा त्याने विनातक्रार पुढे केला. मग खुंटीवरचा तपकिरी कोट काढून, नीट झटकून, तोही बाईंच्या हातात दिला.

"हाही ठेवून घ्या. आमच्याकडे थंडी कुठली? पुढच्याला होईल."

बाईंनी कोट हातावर घेतला. मीठवाला जरा ओशाळला.

"मापाला लांब होता हो. बाह्यांतून बोटं बाहेर यायची नाहीत. म्हणून मी स्वतःच दुमडून शिवल्या. जास्तीचं कापड कापून टाकलं. चालेल ना?"

बाईंनी बाही उलटून पाहिली. बारीक, सरळ टाके होते. गडी कामाला चोख होता.

"आता ह्यांना आखूड होणार," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

कपडे बाजूला न सारताच बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं होतं. सदरे दिले, बूट दिले, कोट परक्याच्या अंगावर चढवला, आणि इतके दिवस मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात त्या हिशेब धरून बसल्या होत्या, की हे आले की मागून घेऊ. मीठवाल्याने पाणी आणून दिलं. त्या प्यायल्या, उठल्या, सामान उचललं. रडू तेव्हाही आलं नाही. फक्त जिना उतरताना कोट खाली लोळतोय असं वाटून त्यांनी तो दोनदा वर उचलला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई विद्यापीठाच्या गाडीने विमानतळावर गेल्या. पाटी नेली नाही, माणूस ओळखीचं होतं. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. पक्षीवाली बाहेर आली ती हडकलेली, अंगात सुती सदरा, खांद्याला एकच पिशवी. तिने आधी बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या कोटाकडे.

"हा माझा नाही."

"नाही. तुझा मी देऊन टाकला," बाई म्हणाल्या. हे गाडीत बसल्यावर सावकाश सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. "खोलीही दिली होती. किटली, रजई, दिवा परत आणून जागच्या जागी ठेवलंय. कोट मिळाला नाही. फोनवर मी 'आहे' म्हणाले ते खोटं."

"का पण?"

"मला वाटलं, तू येणार नाहीस. आजवर कुणी आलं नव्हतं."

पक्षीवालीने पिशवी खांद्यावर सरकवली. मागून येणारे लोक तिला वळसा घालून जात होते.

"मी तिकडे रोज झोपताना ती खोली डोळ्यांपुढे आणत होते," ती म्हणाली. "दिवा इथे, किटली तिथे. वाटायचं, ते सगळं तसंच आहे ना, मग मला जावंच लागेल."

"ते मला नको सांगूस," बाई म्हणाल्या. "घाल हा. बाधेल."

तिने कोट चढवला. खांदे उतरत होते, पण बाह्या नेमक्या मनगटाशी थांबल्या. दोन्ही हात खिशात खुपसून ती थंडी जिरवत उभी राहिली.

"छान उबदार आहे. कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

यजमानांना ती ओळखत होती. आली तेव्हा उलटी पाटी धरून तेच तर उभे होते. ते गेल्याचं तिला कुणी सांगितलेलं असणं शक्य होतं. पण सगळ्या कचेरीत तो विषय बाईंसमोर कुणी काढत नसे, आणि पाहुण्यांना तर बाईंनी स्वतःहून अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिने कोटाची बटणं लावता लावता हात थांबवला आणि सहज विचारलं,

"मग त्यांना नाही लागणार?"

गाडीवाल्याने दार उघडून धरलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. आजवर कितीजणांबद्दल हे बोलल्या होत्या, एका दमात, चहाचा कप हातात धरून.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे..."

पुढचं बाहेर पडायला वेळ लागला. पक्षीवाली थांबून राहिली.

"हे आता येणार नाहीत."

आणि तिथेच, लोकांच्या वाटेत, बाईंना रडू कोसळलं.